बसकी सोनकी

आमच्या विभागातल्या वाळवलेल्या वनस्पतींना धुराचा वास येतो. कपाट उघडलं की आधी डांबरगोळ्या, आणि त्यांच्या मागून हळूच चुलीचा धूर. बाहेरून परीक्षेला आलेले एक सर एकदा कागद नाकाशी धरून म्हणाले होते, "मॅडम, हे हर्बेरियम आहे की सुकी मासळी?" सगळे हसले. दारात उभ्या असलेल्या गोताड मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, सुकी मासळी उन्हात सुकते. आषाढात ऊन तुम्ही घेऊन आलाव काय?"

सरांनी कागद खाली ठेवला आणि पूर्ण गुण दिले.

रत्नागिरीत पावसाळ्यात काही वाळत नाही. कागदांत दाबून ठेवलेल्या फांदीला तिसऱ्या दिवशी बुरशी धरते, चौथ्या दिवशी पान काळं पडतं. विभागात वाळवणीची एक विजेची पेटी होती, पण पेटी असली की वीज नसायची. मावशी मग ते कागद दोन लाकडी फळ्यांत घालून तो दाब दोरीने करकचून बांधायच्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळायच्या आणि एसटीने घरी न्यायच्या. घरी चुलीवरच्या माळ्यावर तो चढायचा. रोज संध्याकाळी ओले कागद काढायचे, कोरडे घालायचे. हे त्यांच्या कामात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांचं पद प्रयोगशाळा परिचर. म्हणजे बशा धुणं, बाटल्या भरणं, झाडू मारणं आणि साहेबांचा चहा.

सुनंदा गोताड हे त्यांचं नाव मी पहिल्यांदा हजेरीपटावर वाचलं. सगळं कॉलेज त्यांना मावशी म्हणायचं, प्राचार्यसुद्धा. बसने पाऊण तासावरच्या एका गावातून त्या यायच्या. गावाचं नाव इथे लिहीत नाही. ते वाचून कोणी तिथे जावं इतकं आता तिथे उरलेलं नाही. गाव उतारावर, आणि वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं ते आमच्याकडचं मोठं उघडं पठार. यजमान मुंबईत एका कचेरीच्या कँटीनमध्ये, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. एक मुलगी, संगीता, ती सावर्ड्याला दिलेली. मावशी अंगाने सडपातळ, उंचीने एवढ्याशा. चालताना मान खाली. नवीन मुलांना वाटायचं बाई लाजाळू आहे. बाई जमिनीवर काय उगवलंय ते बघत असायची.

सड्यावर पाऊल टाकायच्या आधी त्या चपला काढून पिशवीत टाकायच्या. आम्ही बूट घालून, टोप्या घालून, आणि ही बाई अनवाणी. मी एकदा म्हटलं, मावशी, पाय कापेल.

"चपलेला कळत नाय गो खाली काय हाय ते," त्या म्हणाल्या. "पायाला कळतं."

मला त्या 'बाय' म्हणायच्या. आमच्याकडे घरातल्या मुलीला म्हणतात तसं. बाकी सगळ्या प्राध्यापिका मॅडम, मी एकटी बाय. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित थांबल्या असत्या, अशी मला भीती होती.

सूर्यफुलाच्या कुळाचं एक वैशिष्ट्य आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक नसतं, ती शेकडो बारीक फुलांची गच्च वस्ती असते, आणि कडेच्या पाकळ्या वाटतात त्याही एकेक स्वतंत्र फूल. एका वर्षी मी फळ्यावर आकृती काढून अर्धा तास हे सांगत होते आणि मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मावशी बाकाबाकांवर सूर्यफुलं वाटत होत्या. एका मुलापाशी थांबल्या.

"फूल नाय रे ह्ये. वाडी हाय. मधी बारकी बारकी घरं बगितलीस? ती गावातली मानसं. आनि कडंला ह्ये लांब लांब, पिवळे झगमगीत, ह्ये मुंबयवाले."

वर्ग जागा झाला.

"लांबनं दिसतं कोन? मुंबयवाले. बी कोन धरतं? मधले."

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मावशी, तुमचे मालक पण मुंबईलाच ना?"

"म्हनून तर ठाव हाय," मावशी म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

त्या वर्षी परीक्षेत एका मुलीने लिहिलं होतं, 'कडेची फुले आकर्षक असून बी धरत नाहीत, ती मुंबईला असतात.' मी तिला पूर्ण गुण दिले.

भाट्याच्या किनाऱ्यावर वर्ग घेऊन गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मुलं पाण्याकडे पळाली. मावशी समुद्राकडे पाठ करून वाळूत बसल्या. मी म्हटलं, जरा इकडे तोंड करून बसा की. "समुद्र हायच," त्या म्हणाल्या, "जातोय कुठं." त्यांच्या समोर वाळूवर सरपटत गेलेली एक वेल होती, तिला एकच पिवळं फूल. ते त्यांनी बोटांनी उलटंपालटं केलं, पाकळीच्या बुडाशी नख लावून पाहिलं. "ही पन सोनकीच्याच घरातली. वाळूत दिलेली दिसत्ये." सोनकी म्हणजे पावसाळा सरताना सड्यावर फुलणारं पिवळं रानफूल, सूर्यफुलाच्याच कुळातलं. त्या कुळाचं लॅटिन नाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही. पण त्या कुळातला कोण, कुठे, कोणाकडे गेला, हे त्यांना घरच्यासारखं माहीत होतं.

झाडं गोळा करण्याचा त्यांचा एक कायदा होता. तीन असतील तर हात लावायचा नाही. दहा असतील तर एक. आणि तेही मुळासकट नाही. मुलं घाईने उपटायला लागली की त्या ओरडायच्या नाहीत, नुसत्या शेजारी जाऊन उभ्या राहायच्या. मुलगा ओशाळून हात मागे घ्यायचा.

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल. नाइलाज आहे. मी नऊ वर्षं त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. म्हणजे एप्रिलच्या शेवटी नोकरी संपायची, जूनमध्ये पुन्हा मुलाखत, त्याच टेबलासमोर, त्याच प्रश्नांना. मधल्या दोन महिन्यांत आपण कोण हे आपल्यालाही सांगता यायचं नाही. माझं एक लहान कपाट होतं, त्याची चावी मी सुट्टीत मावशींकडे ठेवून जायची. एका मे महिन्यात नव्याने आलेल्या एका सरांनी ते कपाट मागितलं. "ते बायचं हाय," मावशींनी सांगितलं. सर म्हणाले, त्यांची तर ऑर्डर संपली ना? "बाय जूनला येनार हाय," मावशी म्हणाल्या. मला स्वतःला तेवढी खात्री नव्हती.

चौथ्या वर्षी गौरी गेल्यावर त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर म्हणाल्या, चल, तुला एक दाखवायचं हाय. आम्ही सड्यावर गेलो. भाद्रपदातला सडा ज्याने पाहिला नसेल त्याला काय सांगणार. काळ्या कातळावर बोटभर मातीत निळे, जांभळे, पांढरे पट्टे पडलेले, मध्ये मध्ये पाण्याची तळी, आणि काठाने सोनकी उभी. मावशी ते सगळं ओलांडून पार पश्चिमेच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मी इकडेतिकडे पाहिलं. काही नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. "उभ्यानं नाय दिसायची."

मी उकिडवी बसले. कातळाच्या भेगेत, दगडाला चिकटून, जाड पानांची चकती पसरली होती. पानांची खालची बाजू लोकरीसारखी पांढरी. चकतीच्या मध्यावर देठच नसलेलं एक पिवळं फूल, सदऱ्याच्या बटणाएवढं. आणि मग नजर सरावल्यावर दुसरी चकती, तिसरी, दहावी. एका खोलीएवढ्या जागेत सगळी भेगाभेगांतून पसरलेली.

"सोनकी उभी ऱ्हाते, ही बसते. म्हनून बसकी सोनकी. नाव माज्या सासूनं ठेवलं की तिच्या सासूनं, ठाव नाय. दिवाळी आली की जाते. जाते म्हंजे कातळात शिरते. मंग उन्हाळ्यात येऊन बगशील तर म्हनशील हितं कधी काय नवतंच."

मी पुस्तकं बरीच पाहिली होती. हे कुठल्याच वर्णनात बसत नव्हतं. मी हरखले, ते कशासाठी हे मी प्रामाणिकपणे सांगते: माझ्या नावाने एखादा शोधनिबंध निघेल, म्हणून. मी पिशवी काढली. मावशींनी माझं मनगट धरलं.

पूर्वी, त्या नव्याने नोकरीला लागल्या होत्या तेव्हा, लांबून एक साहेब आले होते. मावशींनी हौसेने त्यांना ही जागा दाखवली. साहेबांनी पोतं भरून झाडं नेली, मुळासकट. पुढची सहा-सात वर्षं तिथे पानसुद्धा आलं नाही. साहेबांचं पत्रही आलं नाही. "तवापासनं कोनाला दाखवली नाय," मावशी म्हणाल्या. "तुला दाखवली. न्यायची नाय, फोटो काडायचा नाय, लिवायची नाय. कबूल?"

मी कबूल केलं. ते मी पाळलं, हे सांगायला मला लाज वाटते. इतकं पाळलं की जेव्हा सांगायची गरज होती, तेव्हाही सांगितलं नाही.

मावशी निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्या वर्षी एका कंपनीला तो सडा हवासा वाटला. माल साठवायचं मोठं आवार होणार होतं. सड्याच्या सातबाऱ्यावर ढीगभर नावं, निम्मी मुंबईत. बऱ्याच जणांनी दिला, काही अडून बसले. मावशींचं दोन्हीकडे भांडण नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की पश्चिमेचा कोपरा सोडा, बाकी काय ते करा. गावात लोक म्हणायचे, कोपऱ्यात काय पुरलंयस गो? त्यावर त्या म्हणायच्या, आमच्या कॉलेजची बाय लिवनार हाय, मंग वाचा.

आणि त्या कॉलेजात आल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. माझ्या टेबलासमोर न बसता उभ्याच राहिल्या.

"बाय, आता सांगायला पायजे. मी सोडलं तुला त्या बोलन्यातनं. तू लिवलंस तर त्यांना कोपरा सोडावा लागंल. खरं ना?"

"खरं," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. अशी दुर्मीळ वनस्पती प्रकल्पाआधीच्या पर्यावरण अहवालात आली असती तर त्यांना तेवढी जागा वगळावी लागली असती. दुसरा पुरावा काही नव्हता. आम्ही फांदी आणली नव्हती, फोटो काढला नव्हता. होता तो माझा शब्द.

सर्वेक्षण करणारी एजन्सी मुंबईची. त्यांना स्थानिक वनस्पतितज्ज्ञ हवा होता आणि माझं नाव गेलं. त्याच उन्हाळ्यात माझी कायम पदाची फाईल वर गेली होती. ती ज्यांच्या हातून पुढे सरकणार होती, त्या गृहस्थांची प्रकल्पाच्या लोकांत ऊठबस होती. मला कोणी धमकी दिली नाही. कोणी सुचवलंही नाही. एकदा जिन्यात भेटले तेव्हा ते हसून एवढंच म्हणाले, "तुम्हीच करताय ना ते सर्वेक्षण? छान. आपल्यातलं कोणी असलं की बरं असतं."

त्या 'बरं'चा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती.

एजन्सीचा अधिकारी तिशीतला, बोलायला गोड. म्हणाला, "मॅडम, मेमध्ये उरकून टाकू. पावसात वर गाडी जात नाही."

मी म्हटलं, "मेमध्ये सड्यावर काही नसतं."

"मग जे दिसेल ते लिहा. न दिसलेलं लिहायचं नाही, एवढंच. सायन्स आहे ना."

त्या क्षणी मी नाही म्हणू शकले असते. निदान अहवालात एक ओळ घाला म्हणू शकले असते, की सर्वेक्षण पुन्हा भाद्रपदात करावं. अशी ओळ घालायची पद्धत आहे, मी विद्यार्थ्यांना शिकवलेली आहे. मी म्हटलं, "बरं."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सड्यावर गेलो. मावशी आपणहून आल्या, पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन, सगळ्यांना पुरेल एवढा. कातळ तव्यासारखा तापलेला. त्यांनी आम्हाला पश्चिमेच्या कोपऱ्यात नेलं, भेगेत काडी घालून दाखवली. "ह्या आत हाय ती. आता झोपल्येय." एजन्सीच्या पोराने जीपीएसवर आकडा घेतला आणि तक्त्यात शून्य मांडलं. मावशींना तो आकडा म्हणजे जागेची नोंद वाटली. त्या खूश झाल्या.

तक्त्याच्या तळाशी एक रकाना होता: स्थानिक माहितगाराची सही. अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "तक्ते टाइप व्हायचेत. कोऱ्यांवर सह्या घेऊन ठेवा, पुन्हा इतक्या लांब कोण येणार." त्याने सहा कोरे कागद दिले.

मावशी एका दगडावर बसल्या. चष्मा लावला. कॉलेजात प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर अशाच कागदांवर त्यांनी वर्षानुवर्षं सह्या केल्या होत्या. पेन हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यात काय लिवनार?"

"आज बघितलं ते."

"आज काय बगितलं? कातळ." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आनि बसकीचं?"

"श्रावण संपला की परत येऊ ना. त्याचे वेगळे कागद येतील."

हे वाक्य मी बोलले. एजन्सी नाही, ते जिन्यातले गृहस्थ नाहीत. मी. वेगळे कागद येणार नाहीत हे मला तेव्हाच पक्कं माहीत होतं. बोलताना माझा आवाज बदलला नाही, हेही मला आठवतं. त्यांनी सहाही कागदांवर सही केली, सुनंदा म. गोताड, अक्षर मुलांच्या वहीतल्यासारखं गोल.

जनसुनावणी गणपतीनंतर झाली, शाळेच्या मैदानात मांडव घालून. मावशींना अहवालात काय आहे ते माहीत नव्हतं. सरकारी साहेब मध्ये, एजन्सीचे लोक उजवीकडे, त्यांच्या शेजारी मी. माझ्यासमोर माईक. चार-पाच माणसं बोलून गेली, पाण्यावर, रस्त्यावर, नोकऱ्यांवर. मग मावशी उठल्या. हातात नारळाची करवंटी, तिच्यात ओली माती, आणि मातीत एक चकती, मध्ये पिवळं फूल. मुळासकट. त्यांनी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, ही आमच्या सड्यावर पश्चिमेला असते. दुसरीकडं कुठं नाय. मी कदी उपटली नवती, तुमच्यासाठी उपटली. तेवढा कोपरा सोडा. आमच्या कॉलेजच्या बायनं बगितल्येय, तिला इच्यारा."

साहेबांनी करवंटी वाकून पाहिली. ते भले गृहस्थ असावेत. त्यांनी एजन्सीकडे पाहिलं. तो गोड बोलणारा अधिकारी उठला, अहवालाचं पान काढलं आणि म्हणाला, "सर, ही वनस्पती त्याच जागेवरची कशावरून? आमच्या सर्वेक्षणात तिथे शून्य नोंद आहे. आणि स्थानिक माहितगार म्हणून या ताईंचीच सही आहे. हे पाहा."

कागद हातोहात मांडवात फिरला. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. मागून एक म्हातारा म्हणाला, "सही तुजीच हाय काय गो सुनंदा?"

मावशी कागदाकडे बघत होत्या. आपली सही ओळखायला वेळ लागत नाही. वर काय टाइप केलंय ते वाचायला त्यांना वेळ लागला.

"माजीच हाय," त्या म्हणाल्या. आणि खाली बसल्या.

साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

मी माईक जवळ ओढला. म्हणाले, "सर्वेक्षणाच्या काळात ही वनस्पती तिथे आढळली नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. कोणता काळ, हे साहेबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मावशी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. काहीतरी अजून व्हायचं बाकी आहे, असं ज्या चेहऱ्याने माणूस बघतं, तसं. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. मी समोरच्या कागदांची कडा बोटाने सारखी करत राहिले.

दिवाळीनंतर जेसीबी चढले. पश्चिमेचा कोपरा पहिल्याच आठवड्यात सपाट झाला, कारण रस्ता तिथूनच वर घेणं सोयीचं होतं. कुंपण उभं राहिलं. आत अजून काहीही उभं राहिलेलं नाही.

जूनमध्ये मला मुलाखत नव्हती. मी कायम झाले होते.

गावात काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं, तिथून येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून. गावाच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो कागद फिरला, सहीभोवती लाल गोल काढून. वर्षभर कोपरा सोडा म्हणत हिंडणारी बाई आतून कंपनीला मिळालेली होती, आणि करवंटीचं नाटक केलं, असं लोकांनी ठरवलं. यजमानांना कँटीनमध्ये गाववाल्यांनी विचारलं, वहिनीला किती मिळाले. ते त्या शिमग्याला आले नाहीत. पालखी घरोघर फिरते तशी मावशींच्या दारातही आली. देवाला कोण अडवणार. पण पालखीबरोबरची माणसं दर वर्षी त्यांच्या अंगणात टेकायची, चहा घ्यायची. त्या वर्षी सगळी उभीच राहिली. मावशींनी ओटी भरली, पालखी उचलली गेली, आणि चहाचं पातेलं चुलीवर तसंच राहिलं. हे मला सांगणारा मुलगा त्या वाडीतलाच होता. तो म्हणाला, "मॅडम, आमी पन नाय घेतला. घरात सांगितलं होतं." पुढच्या पावसाआधी मावशी घराला कुलूप लावून लेकीकडे सावर्ड्याला गेल्या.

एका वाक्याने हे सगळं थांबलं असतं. कागद कोरे होते. तीन शब्द. ते माहीत असणारी माणसं तीन: तो अधिकारी, मावशी आणि मी. मी रोज कॉलेजात गेले, धुराच्या वासाचं ते कपाट उघडलं, वर्ग घेतले. प्रथम मला वाटायचं, थोडं निवळू दे. मग वाटायला लागलं, आता इतक्या उशिरा काय सांगायचं. ही दोन वाक्यं एकमेकांना जोडून माणूस किती वर्षं काढू शकतो, ते मी पाहिलेलं आहे.

मी सावर्ड्याला उतरले ते दोन वर्षांपूर्वी. चिपळूणला परीक्षेचं काम होतं, बस थांबली आणि मी का उतरले ते माझं मलाच कळलं नाही. बाजारात विचारत संगीताचं घर सापडलं. तिने मला ओळखलं. पाणी आणून ठेवलं, आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. मावशी पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे. त्यांनी वर पाहिलं.

"या मॅडम," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसले. काय बोलायचं ते मी बसमध्ये, बाजारात, त्यांच्या दारापर्यंत जुळवत आले होते. सगळं बाजूला पडलं. मी म्हटलं, "मावशी, मी तुमच्या गावात येते. सगळ्यांसमोर सांगते. कागद कोरे होते म्हणून. माझ्यावर काय यायचं ते येऊ दे."

त्या शेंगा सोलत राहिल्या. "कोनाला सांगनार? म्हातारे गेले. पोरं मुंबयला. वाडीत पाच घरांत दिवा हाय."

"तरी मी सांगते."

"माईक होता तवा तुमच्या हातात," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवलेली होती ते सांगावं, तसं.

मला राहवलं नाही. इतकी वर्षं जे मी स्वतःला विचारत आले होते ते त्यांच्यावरच ढकललं. "तुम्ही का नाही बोललात? तिथल्या तिथे म्हणायचं, कोऱ्या कागदावर घेतली सही. सगळ्यांना कळलं असतं."

मावशींचे हात थांबले. त्यांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

"मी बोलले असते तर तुमची नोकरी गेली असती. ते तुमच्या तोंडानं यायला पायजे होतं. मी खाली बसले ती कशाला बसले? म्हटलं, आता बाय उठंल. मी वाट बगत होते."

मग त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. आत भांड्यांचा आवाज होत होता.

पाहुण्याला एकटं सोडायचं नाही म्हणून त्या मला थांब्यापर्यंत सोडायला आल्या. चौपदरी हायवेच्या कडेला आम्ही दोघी उभ्या राहिलो, मध्ये हातभर अंतर. बस आली. मावशींनी हात करून ती थांबवली, कंडक्टरला म्हणाल्या, "ह्या मॅडम चिपळूणला उतरतील, म्होरं जागा द्या." मी चढले, धडपडत मागच्या खिडकीपाशी गेले. त्या तेवढ्यात वळलेल्या होत्या. पदर डोक्यावर ओढून, रस्त्याच्या कडेने, आपल्याच नेहमीच्या चालीने, मान खाली घालून चालल्या होत्या. मी हात वर केला होता. तो तसाच खाली घेतला.